वाचनाने ‘मी’ लहान होतो की फुगतो?

जुनी इंदूर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

आमच्याकडे रामबागेत महिन्यातून दोन रविवार पाच-सात जण वाचायला जमतात. संस्था वगैरे काही नाही, पावतीपुस्तक नाही. एका मित्राच्या घरी दुसऱ्या मजल्यावर खोली आहे. तिथे सतरंजी घालायची, ज्याला जे वाचावंसं वाटेल ते त्याने मोठ्याने वाचायचं, मग चहा. इंदूर असल्यामुळे पोहे आलेच, वरून शेव आणि जिरावण. मी तिथला मास्तर. कुणी नेमलं नाही, पण चाळीस वर्षं वाचतोय, घरात तीन भिंती पुस्तकं आहेत, प्रत्येकावर जांभळा शिक्का आणि अनुक्रमांक आहे, तेव्हा हा मान आपलाच असं मी धरून चाललो होतो. नोकरी बँकेत झाली, पण कुणी विचारलं की मी सांगतो, ‘वाचक आहे.’

तर तिथे एक मावशी यायच्या. सत्तरीच्या. माहेर इंदूर, सासर इंदूर, मराठी शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं हिंदीत. गेल्या गणपतीनंतरच्या बैठकीत त्या म्हणाल्या, ‘काल रात्री वाचून राहिले होते, तर मग झोपच नाही आली.’ मी मध्येच म्हणालो, ‘मावशी, वाचून राहिले नाही, वाचत होते. “पढ़ रही थी”चं भाषांतर झालं ते.’ सगळे हसले. त्याही हसल्या. मग मी मराठीवरच्या हिंदीच्या आक्रमणावर दहा मिनिटं बोललो, आणि बरं बोललो. झोप का आली नाही ते त्यांचं सांगायचं राहिलं.

पुढच्या बैठकीला त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. आता आठ महिने होतील.

हे सगळं मी विसरलो होतो. गेल्या आठवड्यात लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ परत काढलं. प्रत जुनी, पुठ्ठा सुटलेला, आत पेन्सिलीच्या बारीक खुणा. बहुतेक रद्दीवाल्याकडून घेतलेली. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. काही वर्षांनी बाई त्यांच्याकडे राहायला आल्या, तरी चूल वेगळी, पाणी वेगळं. नवऱ्याच्या घरात नवऱ्याचा विटाळ. आणि हे सगळं पुढे सांगताना त्या स्वतःची बाजू मांडत नाहीत, रडत नाहीत, मजेत हसतात. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई! वाचता वाचता मनात आलं, ह्या आमच्या बैठकीत आल्या असत्या तर मी ह्यांचंही व्याकरण काढलं असतं. त्या पानाच्या समासात आधीच्या कुणा वाचकाने पेन्सिलीने लिहून ठेवलंय, ‘आपण पण!’ ते बघितलं आणि मी पुस्तक मिटलं.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे. एवढं वाचून मी लहान व्हायला हवा होतो. झालो मोठा. पुस्तकामुळे खरंच कुणाचा अहंकार उतरलाय का? कुठल्या? कसा? ज्ञान नको, अनुभव सांगा.

फुकट फौजदार

मोजले. शीर्षक सोडून मूळ लेखात ‘मी’ ९ वेळा आलाय. मावशींचं वाक्य १, तेही चूक दाखवण्यापुरतं. चालू द्या.

जुनी इंदूर

@फौजदार, अनुभव सांगायचा म्हटला की प्रथमपुरुषच येणार ना?

संत्रंबर्फी

पण ‘वाचून राहिले’मध्ये चूक काय आहे भाऊ? आम्ही नागपूरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या खाऊन राहिलो, हिंडून राहिलो, जगून राहिलो. कोणी मेलं नाही त्याच्यानं.

पोथीवाला

ज्ञान नको म्हणालात तरी ज्ञानेश्वरी आणतोच. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं येतात, त्यातला पहिलाच शब्द ‘अमानित्व’. गीतेने एका शब्दात उरकलं, माउली मात्र तिथे बराच वेळ थांबतात. त्यातली ही ओवी:

पूज्यता डोळां न देखावी । स्वकीर्ती कानीं नायकावी ।
हा अमुका ऐसी नोहावी । सेचि लोकां ॥

‘हा अमुक’ अशी लोकांना आपली आठवणही होऊ नये. ‘वाचक आहे’ अशी ओळख सांगणाऱ्यांनी शेवटचा चरण परत वाचावा. (चिमटा आहे, राग नसावा. मी स्वतः एकोणीस पारायणं केली आणि ती मोजली. मोजली यातच सगळं आलं.)

पण मला खाली आणलं ते ज्ञानेश्वरीने नव्हे, ज्ञानेश्वरी शुद्ध करणाऱ्याने. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पाठभेदांनी बिघडलेली पोथी नीट केली. स्वतः केवढा कवी! मनात आणलं असतं तर दोन-चार ओव्या अशा बेमालूम बसवल्या असत्या की आज कुणाला ओळखू आल्या नसत्या. उलट त्यांनी शेवटी लिहून ठेवलं की हिच्यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नरोटी म्हणजे नारळाची रिकामी करवंटी.

मी मुद्रितशोधन करतो. लोकांच्या मजकुरात आपलं एखादं वाक्य सरकवायची मला खोड होती. लेखकाला कळत नाही, छापून येतं, आपण गालात हसायचं. एकदा एका बाईंच्या आठवणींच्या पुस्तकात चार ओळी घातल्या. त्यांची आई गेली त्या प्रसंगात. भाषा सपाट वाटली म्हणून जरा उंच केली. बाईंनी प्रुफं परत पाठवली, त्या चार ओळींखाली लाल रेघ, आणि शेजारी लिहिलेलं, ‘ह्या कुणाच्या? माझी आई अशी गेली नाही.’

तेव्हापासून टेबलावरच्या दिव्याला एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर एकच शब्द. नरोटी. घरी येणारे विचारतात, कसली पाककृती आहे का.

अडीच अक्षरं

लग्न करा. पुस्तकांची गरज पडणार नाही.

किल्ल्याखाली

ग्वाल्हेरहून हजेरी. आमच्याकडे हा आजार वाचनाने होत नाही, घराण्याने होतो.

लहानपणी आजोबा संध्याकाळी दिवे लागले की आम्हां भावंडांना दासबोध वाचून दाखवत. दिवाणखान्यात, पणजोबांच्या तलवारीखाली. शेजारी काचेत शिंदे सरकारची सनद. घरी कुणीही आलं, अगदी विजेचं मीटर बघायला आलेला माणूससुद्धा, की आजोबा त्याला सनद वाचून दाखवायचे. तर एका संध्याकाळी दुसऱ्या दशकातला पहिला समास आला, मूर्खलक्षण. एकेक मूर्ख येतोय, आम्ही हसतोय, आजोबाही रंगात. मग ही ओवी आली:

आपली आपण करी स्तुती । स्वदेशीं भोगी विपत्ति ।
सांगे वडिलांची कीर्ती । तो येक मूर्ख ॥

धाकटा भाऊ आठ वर्षांचा. त्याने सनदेकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं आणि म्हणाला, ‘आजोबा, हे तर तुम्ही!’

आईने स्वयंपाकघरातून धाव घेतली. आजोबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला आणि पुढची ओवी वाचायला लागले. सनद काही भिंतीवरून उतरली नाही. पण नंतर पाहुण्यांना ती वाचून दाखवणं बंद झालं. कुणी आपणहून विचारलंच तर म्हणायचे, ‘जुना कागद आहे.’

दासबोध त्यांनी त्याआधी किती वेळा वाचला असेल! ती ओवी दर वेळी येत असणारच. ऐकू आली ती नातवाच्या तोंडून.

जाता जाता: तांबे आमच्या ग्वाल्हेरचे राजकवी. ‘जन पळभर म्हणतिल हाय हाय, मी जाता राहिल कार्य काय’ हे आमच्याकडे शोकसभेत हमखास म्हणतात. लोक डोळे पुसतात आणि बाहेर येऊन आधी कुणाला बोलायला दिलं, नंतर कुणाला, यावरून महिनाभर अबोला धरतात.

फुकट फौजदार

@किल्ल्याखाली, आठ वर्षांच्या भावाला माझा सलाम सांगा. आता तो काय करतो?

किल्ल्याखाली

सनद वाचून दाखवतो. 😀

जिरावण

इंदूरचा धागा आणि अहिल्याबाई नाहीत, असं कसं चालेल भिया?

जॉन माल्कमने १८२३ साली मध्य हिंदुस्थानवरचं पुस्तक छापलं. तो इकडे आला तेव्हा बाईंना जाऊन वीसेक वर्षंच झाली होती, त्यांना पाहिलेली माणसं हयात होती. त्यांच्याकडून ऐकलेल्या गोष्टी त्याने लिहून ठेवल्या, त्यातली एक अशी. एका ब्राह्मणाने बाईंच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाल्या, मी एक दुबळी, पापी बाई, एवढ्या स्तुतीच्या लायकीची नाही. आणि ग्रंथ नर्मदेत टाकायला सांगितला.

आता आम्ही इंदूरवाल्यांनी काय केलं? विमानतळाला त्यांचं नाव, विद्यापीठाला त्यांचं नाव, राजवाड्यासमोर पुतळा. तो ग्रंथ वाचला असता तर त्याच्याही पालख्या निघाल्या असत्या. पण मला ही गोष्ट का आवडते सांगू? बाईंनी ऐकून घेतला. न ऐकताच ‘नको नको’ म्हणाल्या नाहीत. आपल्याकडे सत्काराला ‘नको नको’ म्हणणारे लोक शाल कुठल्या रंगाची आहे ते आधी बघून घेतात.

शंकेखोर

आणि त्या ब्राह्मणाचं काय? माल्कम पुढे हेही सांगतो की बाईंनी लेखकाची नंतर दखलच घेतली नाही. बिचाऱ्याने किती रात्री बोरू झिजवला असेल! बाईंची नम्रता त्याच्या पोथीने भागवली. असो.

मूळ प्रश्नावर: मला या गृहीतकाचीच शंका आहे. २०१३ साली ‘सायन्स’ नियतकालिकात किड आणि कास्तानो या दोघांचा शोधनिबंध आला होता. चांगली ललित कथा थोडा वेळ वाचायला दिली, की फोटोतले नुसते डोळे बघून समोरच्याच्या मनातलं लोक जास्त अचूक ओळखतात, असा निष्कर्ष. सगळ्या वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतला. ‘कादंबऱ्या वाचा, सहृदय व्हा.’ पुढे २०१६ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तेच प्रयोग जास्त माणसांवर करून पाहिले तर तो परिणाम काही हाती लागला नाही. ही बातमी तेवढ्या मोठ्या अक्षरांत कुणी छापली नाही.

आणि समजा परिणाम खरा असता, तरी काय? समोरच्याच्या मनातलं ओळखणं म्हणजे नमणं नव्हे. भामट्यालाही ते येतं, किंबहुना त्यालाच जास्त येतं. माझे एक मार्गदर्शक होते. शेक्सपिअर तोंडपाठ, करुणेवर व्याख्यानं. विद्यार्थ्यांना तीन तास व्हरांड्यात उभं ठेवायचे. त्या व्हरांड्यात उभं राहून मी जे शिकलो ते त्यांच्या वर्गात शिकलो नाही.

पोथीवाला

@शंकेखोर, मग तुम्ही अजून वाचता कशाला?

शंकेखोर

आवडतं म्हणून. श्रीखंड खाताना मी चारित्र्य सुधारायची अपेक्षा ठेवत नाही.

सुरसागर

बडोद्याहून. माझा अनुभव एका पुस्तकाचा नाही, मांडणीचा आहे.

सयाजीरावांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि १९१० पासून राज्यभर ग्रंथालयं उभी केली. ज्या गावात ग्रंथालय नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या. त्यातली आमची मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी. लोखंडी मांडण्या, मजल्यावर मजला, आणि मधल्या जमिनी जाड काचेच्या, म्हणजे उजेड खालपर्यंत यावा. दहावीच्या सुट्टीत तिथे पहिल्यांदा उभा राहिलो आणि ठरवलं, मराठी विभाग पूर्ण वाचायचा. आडनावांच्या क्रमाने, ‘अ’पासून. हसू नका, वही घातली होती. रोज सायकलवर जायचो, परत येताना दांडिया बाजारात सेवउसळ.

दोन वर्षं झाली. अत्रे झाले, आगरकर झाले, आणि मग आपटे लागले. तुम्हांला माहीत आहे का मराठीत किती आपटे लिहितात? आपट्यांपाशीच आपटलो. ‘क’ कधी येणार याचा हिशेब त्रैराशिकाने मांडला, तेव्हा उत्तर आलं की तोवर आपल्याला नातवंडं झालेली असतील. ‘ह’ बघायला आपण नसू.

त्या दिवशी मांडण्यांमधून बाहेर आलो तो जरा निमूट आलो एवढं खरं. अजूनही कुणी ‘मी खूप वाचलंय’ म्हणालं की माझ्या तोंडून निघतं, ‘शुं वात छे! आपट्यांच्या पुढे गेलात?’

अर्धी रजा

शिक्षिका आहे, इंदूरचीच. इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते.

मला एका इंग्रजी कादंबरीतला एक परिच्छेद लागला, तोही बी.एड.च्या वर्षी, बसमध्ये. जॉर्ज इलियट हे नाव पुरुषाचं, लिहिणारी बाई. कादंबरी ‘मिडलमार्च’, सत्ताविसावं प्रकरण, अगदी सुरुवातीला. त्या म्हणतात, मोलकरीण आरसा पुसपुस पुसते, त्याच्यावर बारीक ओरखडे पडतात, सगळ्या दिशांना, वाटेल तसे. पण समोर एक मेणबत्ती धरा. ते सगळे ओरखडे त्या ज्योतीभोवती गोलाकार नीट मांडून ठेवल्यासारखे दिसतात. ओरखडे आहेत तसेच असतात, गोल असल्याचा भास ज्योतीमुळे. ती ज्योत म्हणजे माणसाचा अहंभाव.

मला हे खरं वाटेना. घरी येऊन रोजच्या घासणीतलं स्टीलचं ताट घेतलं, दिवा घालवला, टॉर्च धरला. दिसतं हो! गोल गोल वर्तुळं, मधोमध आपला उजेड. टॉर्च सरकवला की वर्तुळंही सरकतात. तुम्ही पण करून बघा, मोबाईलच्या उजेडातही होतं. आता दर वर्षी सातवीच्या वर्गाला करून दाखवते. दोन मुलांनी दोन टॉर्च धरले की भांडण लागतं, मधोमध कोण.

तेव्हा शाळेत नवीन होते आणि शिक्षक-खोलीत दोघी कुजबुजताना दिसल्या की आपल्याबद्दलच चाललंय असं वाटायचं. घरी येऊन रडायचे. ताट बघितल्यावर एकदा धीर करून विचारलंच, काय बोलताय? त्या भिशीचे नंबर लावत होत्या.

संत्रंबर्फी

ताट करून पाहिलं. खरंच दिसून राहिलं! बायको विचारते, जेवायला बसलाय का तपासायला.

जुनी इंदूर

सगळ्यांचे आभार. नरोटी, सनद, आपटे आणि ताट, चारही आयुष्यभर पुरतील. @शंकेखोर यांच्याशी थोडा असहमत आहे, त्यावर सविस्तर लिहीन. फक्त एक मुद्दा स्पष्ट करतो. ‘वाचून राहिले’ हे बोलीत चालेल, पण बैठकीत आपण प्रमाण मराठी वाचतो, तिथे चूक ती चूकच. माझी पद्धत चुकली असेल, मुद्दा चुकलेला नाही. लक्ष्मीबाईंच्या निरागस लेखनातून...

जिरावण

भिया, थांबा. एक विचारू? मावशी का येत नाहीत, हे तुम्ही त्यांना विचारलं का?

जुनी इंदूर

नाही.

म्हणजे नंबर आहे. पण आठ महिन्यांनी काय बोलणार? माफी मागायची तर तशी ती नीट मागायला हवी.

फुकट फौजदार

नीट नको. जा.

किल्ल्याखाली

आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. ती समासात ‘आपण पण!’ लिहिलेली प्रतच द्या त्यांना. नव्या पुस्तकापेक्षा ती बरी.

जुनी इंदूर

कल्पना चांगली आहे. रविवारी जातो.

अडीच अक्षरं

वाट बघतोय. (लग्नाचा सल्ला मागे घेतलेला नाही.)

जुनी इंदूर

जाऊन आलो.

घर बैठकीपासून चार गल्ल्यांवर. आठ महिन्यांत त्या गल्लीतून शंभरदा स्कूटर गेली असेल. वाटेत माफीचं भाषण जुळवत होतो, दोन उपमासुद्धा तयार होत्या.

मावशी ओट्यावर बसून लोणच्याच्या कैऱ्या पुसत होत्या. एकेक कैरी फडक्याने कोरडी करून पाटीत. भाषणाचं पहिलं वाक्य झालं, ‘त्या दिवशी तुमचं बोलणं मध्येच तोडलं...’ त्या म्हणाल्या, ‘कोणत्या दिवशी?’ आठवण करून दिली. हसायलाच लागल्या. ‘ते होय! ते तर माझा नातू रोजच करतो.’

मग यायचं का थांबवलं? डावा गुडघा. दोन मजले चढायचे, आणि आमच्या त्या जिन्याला वरच्या वळणावर कठडा नाही. ‘म्हटलं, कोणी विचारलं तर सांगू. कोणी विचारलं नाही, तर राहून गेलं.’ हे बोलताना पुढची कैरी उचलली होती. तक्रारीचा सूर नव्हता.

पुस्तक चांगल्या कागदात बांधून नेलं होतं. त्यांनी हात पुसले, दोरा सोडला, आणि एकदम म्हणाल्या, ‘अरे वा! आठवणीने आणलं! मला वाटलं, हरवलं.’

त्यांचंच आहे ते. त्याच रविवारी, ते दहा मिनिटांचं व्याख्यान झाल्यावर, ‘बघू कुठली आवृत्ती’ म्हणून त्यांच्या हातातून घेतलं होतं आणि गप्पांच्या भरात पिशवीत टाकलं होतं. रद्दीवाला वगैरे कोणी नाही. मागच्या कोऱ्या पानावर त्यांच्या यजमानांच्या अक्षरात त्यांचं नाव आहे आणि १९७४. ते पान कधी उघडलंच नव्हतं.

म्हणजे ‘आपण पण!’ हेही त्यांचंच.

मग विचारलं, त्या रात्री झोप का आली नव्हती? आणि गप्प बसलो. त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहितो, जेवढं लक्षात राहिलं तेवढं.

‘आमच्याकडे भांड्यांना बाई येते, बावीस वर्षं झाली. तिचा कप वेगळा. खिडकीत, पालथा. सासूबाईंनी ठेवला होता. सासूबाई गेल्या, कप राहिला. आपण तर असलं काही मानत नाही ना, आपण तर पुस्तकं वाचतो. पण कप तिथेच. त्या रात्री ते वेगळ्या पाण्याचं वाचून राहिले होते, हसून राहिले होते, आणि समोर खिडकीत कप. मग कशाची झोप. दोन वाजता उठले, कप घासला आणि आपल्या कपांमध्ये ठेवून दिला.’

‘मग?’

‘मग काय. सकाळी ती आली आणि कप शोधून राहिली. तिला वाटलं फुटला, आता आपल्यावर येतं. घाबरली ती. मला काही सांगताच येईना. काय सांगणार, बावीस वर्षांनी? म्हटलं, घे गं कोणताही. दोन दिवस तिने चहाच नाही घेतला.’

आता घेते. पण कप उचलताना अजूनही एकदा मावशींकडे बघते म्हणे.

हे त्या सगळ्यांसमोर सांगणार होत्या त्या रविवारी.

निघताना त्या पुस्तक चाळत होत्या. पहिल्या पानावर थांबल्या. जांभळा शिक्का, नाव, ‘ग्रंथसंग्रह, अनुक्रमांक १२१४’. चष्मा कपाळावर चढवून, पान डोळ्यांजवळ नेऊन सगळं वाचलं.

‘छान उमटलाय,’ म्हणाल्या.

जिरावण

पुढची बैठक कुठे?

जुनी इंदूर

मावशींच्या ओट्यावर. जिना नाही. त्याच वाचणार आहेत.

संत्रंबर्फी

काय वाचून राहिल्या?

जुनी इंदूर

तेच. त्यांचं अर्धं राहिलं होतं. आठ महिने पुस्तक जागेवर नव्हतं.